तो फोटो मी पुढे का पाठविला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घेणे आणि पापडांच्या हिशोबाचे आकडे वाचून दाखविणे, एवढाच माझा या व्यासपीठाशी आजवरचा संबंध. शिक्षण म्हणाल तर सातवी पास. पुढे धाकटी भावंडे सांभाळली आणि मग लग्न झाले. त्यामुळे ‘यंदा वर्धापनदिनी पाककृती नको, कुणीतरी मनातले बोला’ असे चिटणीसबाई म्हणाल्या आणि मी हात वर केला, तेव्हा पुष्कळजणींना नवल वाटले. खरे सांगायचे तर माझे मलाही वाटले.

विषय बोलायला अवघड आहे. एखाद्या मुलीचा किंवा बाईचा खाजगी फोटो तिला न विचारता चारचौघांत फिरविला जातो, त्याबद्दल मी बोलणार आहे. पोरींनी फोटो काढू नयेत, फोन जपून वापरावा, हे आपण पुष्कळ ऐकले आहे आणि पुष्कळ सांगितलेही आहे. ते मी आज सांगणार नाही. असा फोटो जो पाठवितो त्याच्या मनात काय चाललेले असते, एवढेच मला पाहायचे आहे. आणि ते मी जरा अधिकाराने सांगू शकते, कारण असा एक फोटो मी स्वतः पुढे पाठविलेला आहे.

कोणती मुलगी, कोणते घर, हे इथे बसलेल्यांपैकी काहीजणींना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी कृपा करून शेजारणीला विचारू नये. स्मरणिका बाहेरगावी जाते, म्हणून ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत. मुलीच्या आईची आणि मुलीची परवानगी घेऊनच मी उभी आहे.

दुपारची तीनची वेळ होती. भांडी आवरून मी जरा आडवी झाले होते, तोच आमच्या भिशीच्या ग्रूपवर फोटो आला. खाली लिहिले होते, ‘ही कोण? ओळखा पाहू.’ मी उघडला. पहिल्यांदा ‘शी!’ असेच तोंडून निघाले. आणि मग, भगिनींनो, मी दोन बोटांनी तो फोटो मोठा करून पाहिला. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. चेहरा ओळखीचा निघाला. आपल्याबरोबर पापड लाटणाऱ्या एका वहिनींची मुलगी. लहानपणी माझ्या घरी तिळगुळाला येणारी.

त्यानंतरच्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय झाले, ते मी पुढे कितीतरी रात्री आठवून पाहिले आहे. सर्वांत आधी सुटकेचा निःश्वास टाकला: माझी मुलगी नाही! त्याला लागूनच एक गोड गोड भाव आला. आपण आपल्या मुलीला नीट वाढविले, त्यांना जमले नाही. आणि मग एक घाई आली. ही बातमी दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगावी. मी धाकट्या जावेला तो फोटो पाठविला आणि खाली लिहिले, ‘शी! बघ काय काळ आला आहे.’

त्या ‘शी’ने माझे काम सोपे केले. ‘शी’ लिहिले नसते तर मी चहाडखोर ठरले असते. ‘शी’ लिहिल्यामुळे मी सोवळी ठरले. ज्या गोष्टीचा धिक्कार करायचा तीच ताटात वाढून द्यायची, आणि वर नाक मुरडायचे! पुरुषमंडळी असे फोटो चवीने पाहतात म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. आपण बायका धिक्काराच्या नावाखाली चवीनेच पाहतो. कुणाला राग आला तर येऊ द्या, मी आधी स्वतःबद्दल बोलते आहे.

माझ्या भाचीने मानसशास्त्र घेऊन बी. ए. केले आहे. तिच्यापाशी मी हे सारे कबूल केले. मला वाटले ती मला बोलेल. ती म्हणाली, ‘मावशी, याच्यावर पुस्तके लिहिलेली आहेत.’ तिने अमेरिकेतला एक जुना प्रयोग सांगितला. १९६६ साली मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकारी बाईंनी काही विद्यार्थिनींना एक देखावा दाखविला. एका बाईला चुकीच्या उत्तराबद्दल विजेचे झटके बसत आहेत असा तो देखावा होता. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्या मुलींना ते खरे वाटत होते. जिथे त्यांना ते थांबविण्याचा उपाय नव्हता आणि तिचे हाल चालूच राहणार असे वाटले, तिथे त्या मुलींचे त्या बाईबद्दलचे मत वाईट होत गेले. तिने काही गुन्हा केला नव्हता. पण जग न्यायाने चालते ही समजूत आपल्याला इतकी प्यारी असते, की ती मोडण्यापेक्षा सोसणाऱ्या माणसालाच दोषी ठरविणे आपल्याला परवडते. तिचे काहीतरी चुकलेच असणार, असे म्हटले की आपल्यावर ही पाळी येणार नाही अशी खात्री होते. माझा सुटकेचा निःश्वास त्याच जातीचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात असे सुख असते, हे मला तोवर कळले नव्हते.

आता ज्याने पहिल्यांदा तो फोटो बाहेर काढला त्याच्याकडे वळू. तो मुलगाही आपल्यातलाच. त्या दोघांचे जमले होते, घरच्यांनाही कुणकुण होती. मुलीने काही महिन्यांनी विचार बदलला आणि नाही म्हणून सांगितले. फोटो तिनेच त्याला कधीतरी विश्वासाने दिला होता. पूर्वी मुली चिठ्ठी देत, तसाच. चिठ्ठी देणाऱ्या मुलीने ती चावडीवर वाचायला दिलेली नसते, हे आपल्याला समजते. फोटोच्या बाबतीत मात्र ‘दिलाच का?’ असे आपण विचारतो.

मी त्या मुलाला विचारले. रागावून नव्हे. त्याला मी पाळण्यापासून ओळखते. पहिल्यांदा तो काहीच बोलेना. मग म्हणाला, ‘काकू, मी फक्त चौघांना पाठवला होता. पुढे गेला त्याला मी काय करू?’ मी म्हटले, पण त्या चौघांना तरी का? त्यावर म्हणाला, ‘तिने नाही म्हटल्यापासून ते सगळे मला हसत होते.’

हे वाक्य मी घरी येऊन पुष्कळ वेळ मनाशी घोळविले. त्याला त्या मुलीचा सूड हवा होता, ते तर खरेच. पण त्याहून जास्त त्याला त्या मित्रांच्या डोळ्यांतली आपली किंमत परत हवी होती. ‘मला नाकारणारी कोण आहे ते पाहा, माझ्या हातात काय आहे ते पाहा.’ कुस्तीत हरलेला गडी चांदीची जुनी गदा काढून दाखवतो, तसे. फरक इतकाच की ही गदा जिवंत होती. ती वस्तू नव्हती, आणि त्याची तर नव्हतीच. फोटो आपल्या फोनमध्ये आहे म्हणजे तो आपला, आणि फोटो आपला म्हणजे त्यातल्या बाईवरही आपला काही हक्क शिल्लक आहे, अशी एक समजूत मुलग्यांच्या मनात असते. ती त्यांना कोणी शाळेत शिकविलेली नाही. घरात बहिणीचा फोन तपासण्याचा अधिकार आपण भावाला देतो, तो ती तिथेच शिकतो.

सूडापेक्षा हे ‘दाखविणे’ मोठे आहे, हे माझ्या एकटीचे म्हणणे नाही. अमेरिकेत २०१७ साली एका संस्थेने तीन हजारांवर लोकांना विचारले. सुमारे वीसांत एकाने कबूल केले की आपण कुणाचा तरी असा फोटो तिच्या किंवा त्याच्या संमतीवाचून दाखविला आहे. आणि त्यांतल्या शंभरातल्या ७९ जणांनी सांगितले की त्या माणसाला दुखवायचा आपला हेतू नव्हता! भाचीने हा आकडा सांगितला तेव्हा मला आधी राग आला. मग वाटले, ते खरेही बोलत असतील. दुखवायचा हेतू माझा तरी कुठे होता? दुखवायला आधी समोर माणूस आहे हे लक्षात असावे लागते. त्या क्षणी आमच्या कुणाच्याच लक्षात ती मुलगी नव्हती. मुलाच्या डोळ्यापुढे त्याचे मित्र होते, माझ्या डोळ्यापुढे माझी जाऊ. म्हणूनच ‘सूडाचे चित्र’ हे नाव आता जाणकार लोक टाळतात, कारण त्या नावात मुलीने काहीतरी आगळीक केली आणि त्याचा हा सूड, असा अर्थ येतो. विलायतेतल्या दोन कायदेपंडित बाईंनी २०१७ साली याला चित्राच्या द्वारे होणारा लैंगिक अत्याचार असे म्हणावे, असे सुचविले. नाव जड आहे खरे, पण दोष योग्य दारात नेऊन ठेवते.

नावावरून आणखी एक सांगते. अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘तिचा फोटो लीक झाला.’ अहो, नळ गळतो, पत्रा गळतो. फोटो आपण होऊन गळत नाही, कुणीतरी बोट लावून तो पाठवितो. ‘व्हायरल झाला’ म्हणतो, जणू पटकीची साथच आली! आल्बर्ट बँडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चांगली माणसे वाईट काम करताना मनाची टोचणी कशी बोथट करून घेतात याचे मार्ग मांडून ठेवले आहेत. गोष्टीला सौम्य नाव देणे, ‘मी एकटीच का, सगळ्यांनी पाठविला’ म्हणणे, ‘त्यात एवढे काय झाले’ म्हणणे, आणि शेवटी ‘तिनेच ओढवून घेतले’ म्हणणे. भाची एकेक सांगत होती आणि मी मनात एकेक खूण करीत होते. माझे चारही झाले होते.

आता माझ्या पाठविण्याचे पुढे काय झाले ते ऐका. माझ्या जावेचे माहेर ज्या गावी, त्याच गावी त्या मुलीचे आजोळ. जावेने तो गावाकडच्या बहिणीला पाठविला, आणि दोन दिवसांत तो मुलीच्या मामाच्या फोनवर गेला. म्हातारी आजी अजून होती. तिने पाहिला.

मला हे ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी मी त्या वहिनींकडे समाचाराला म्हणून गेले, होय, गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘पेठेत कळले ते एक वेळ सोसले असते. पण माझ्या आईपर्यंत कसे पोचले, तेच कळत नाही हो.’ माझ्या हातात चहाचा कप होता. मला तिथल्या तिथे सारी वाट दिसली, घरातून घरात गेलेली. मी काही बोलले नाही. घोट घेतला आणि उठून आले.

बोलायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी स्वतःला जे जे समजाविले, ते सगळे तुम्ही ओळखाल. दुसऱ्या कुणाकडून गेला असेल. आता सांगून काय उपयोग. त्यांना उगीच जास्त त्रास. शेवटी गेले आणि सांगितले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ‘तुमच्याकडून होय,’ एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या वर्षी त्या पापडाला आल्या नाहीत. मुलगी तर दोन महिने गच्चीवरसुद्धा आली नाही. अशा वेळी मुली जिवाचे बरेवाईट करून घेतात, तशा बातम्या आपण वाचतो. इथे तसे झाले नाही, कारण तिची आई रात्री तिच्या खोलीच्या उंबऱ्यात झोपत होती.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण मला स्वतःला तो माहीत नव्हता. २०१३ साली आपल्या फौजदारी कायद्यात कलम घातले गेले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते ७७ वे कलम आहे. बाईचे खाजगी क्षणातले चित्र चोरून काढणे किंवा पसरविणे हा गुन्हा, आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे शिक्षा. त्यात एक खुलासा फार मोलाचा आहे: बाईने फोटो काढू दिला, पण दुसऱ्यांना दाखवायला संमती दिली नव्हती, तरी पसरविणारा गुन्हेगारच. म्हणजे ‘दिलाच का?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. शिवाय २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘पाठविणे’ हाही गुन्हा आहे. त्यात पहिला पाठविणारा आणि पुढे ढकलणारा असा भेद केलेला नाही. भगिनींनो, भिशीचा ग्रूपसुद्धा त्यात येतो. पश्चिम बंगालमध्ये तमलुकच्या न्यायालयाने २०१८ साली अशा एका मुलाला पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि मुलीला बलात्कारपीडितेप्रमाणे मानून सरकारने भरपाई द्यावी असे सांगितले.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते, आणि या गुन्ह्याची हकीकत बाई अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर नाव न देताही कळविता येते. चित्र मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चढू नये म्हणून २०२१ पासून ‘स्टॉप एन सी आय आय’ नावाची सोय निघाली आहे. तिच्यात फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा नुसता आकड्यांचा ठसा जातो, आणि त्या ठशावरून यात सामील झालेल्या कंपन्या तो अडवितात. फोनवरून फोनवर खाजगीत जाणारे मात्र तिने अडत नाही. ते आपल्या बोटांनीच अडेल. आणि एक चूक करू नका. घाबरून सगळे पुसून टाकू नका. कोणी पाठविले, कधी पाठविले, हे दिसणारे पान आधी जपून ठेवावे. हल्ली चेहरा एकीचा आणि अंग दुसरीचे असे चित्रही यंत्र करून देते. फोटो खोटा असला तरी तक्रार करता येते, आणि दुःख काही खोटे नसते.

आमच्याकडून कोण गेले ठाण्यात? मुलगी, तिची आई, आपल्या अध्यक्षबाई आणि मी. मी माझा फोन घेऊन गेले होते. त्यात माझा स्वतःचा संदेश होता, वेळेसकट. तिथल्या बाईंनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता मलाही आत घेणार. त्यांनी माझा जबाब घेतला, फोन पाहून त्याची नोंद केली. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही. घरी मात्र हे सांगितल्यावर आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. ‘कशाला स्वतःहून फास लावून घेतलास?’ हा एकच प्रश्न. जाऊ तर अजून बोलत नाही.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. एके रात्री जेवताना मी त्याला विचारले, तुझ्या फोनवर असे कधी आले आहे का? घास तसाच ठेवून म्हणाला, ‘येते. मी पुसून टाकतो.’ मी म्हटले, आणि पाठविणाऱ्याला काय म्हणतोस? तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘आई, तसे बोललो तर मलाच ग्रूपमधून काढतील.’ मुलीला मी फोन कसा वापरावा यावर शंभर वेळा बोलले असेन. मुलाशी या विषयावर बोलण्याची ती पहिली वेळ होती. उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी त्याला भाजी वाढली. नंतर आठवड्याने त्याने आपण होऊन सांगितले की एका मित्राला त्याने एकट्याला गाठून बजावले, सगळ्यांसमोर नाही. तेवढेच झाले आहे.

हे भाषण मी वहीत लिहिले आणि आधी त्या मायलेकींना वाचायला दिले. आईने वाचले नाही, ‘तिलाच दे’ म्हणाल्या. मुलीने चार दिवस वही ठेवून घेतली. परत आली तेव्हा त्यात पेन्सिलीच्या दोन तऱ्हेच्या खुणा होत्या. मी तीन ठिकाणी ‘बिचारी मुलगी’ असे लिहिले होते. तिन्ही ठिकाणचे ‘बिचारी’ तिने खोडले होते, म्हणून ते मी आज वाचलेले नाही. दुसरी खूण त्या मुलाच्या बोलण्यापाशी होती, ‘मी फक्त चौघांना पाठवला होता’ या वाक्याखाली. समासात तिने बारीक अक्षरात लिहिले होते: ‘चार नाही, काकू. पाच. पाचवा माझा चुलतभाऊ.’